‘मी अयोग्य आहे’ म्हणून प्रभुभोजनाआधी उठून जाणारी माणसे

सायंउपासना (धागालेखक)

सर्वांना सलाम.

नगर जिल्ह्यातील आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) असते. संदेश संपतो, दानार्पणाचे गीत होते आणि त्यानंतर जे घडते ते मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वाढलेल्या कोणालाही नवे नाही. मागच्या रांगांतील माणसे हळूच उठून दाराकडे जातात. काही जण शेवटपर्यंत बसतात, पण मेजाजवळ येत नाहीत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘माझी तयारी नाही’, ‘घरात वाद चालू आहे’, ‘माझी तेवढी लायकी नाही’. यांपैकी कित्येकांचे दृढीकरण (मंडळीचे पूर्ण सभासद करून घेण्याचा विधी) झालेले आहे, ते उपासना चुकवत नाहीत, मंडळीच्या कामाला रात्री-अपरात्री धावून येतात, पण वर्षानुवर्षे त्यांनी भाकर आणि प्याला घेतलेला नाही. याला कोणी निष्काळजीपणा म्हणू नये. ही भीती खरी आहे आणि ती आदरातूनच आलेली आहे. तरीही ती ज्या वचनावर उभी आहे, त्या वचनाचा रोख दुसरीकडेच आहे असे माझे मत आहे, आणि ते नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

ते वचन म्हणजे बायबलमधील प्रेषित पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११, ओवी २७ ते ३०. जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल व हा प्याला पिईल तो प्रभूच्या शरीराविषयी व रक्ताविषयी दोषी ठरेल, आणि म्हणूनच तुमच्यांत पुष्कळ जण दुर्बळ व रोगी आहेत, असे पौल तेथे लिहितो. आपल्याकडे प्रभुभोजनाआधी बहुधा येथूनच वाचन सुरू होते. परंतु पौलाने विषय काढला आहे तो सतराव्या ओवीपासून, आणि त्या दहा ओव्या सोडून पुढचे वाचले की ऐकणाऱ्याला आपल्या गुप्त पापांखेरीज काहीच आठवत नाही. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर होते. मंडळी कोणाच्या तरी घरी जमत असे आणि घर मोठे असेल तर ते अर्थातच सधन माणसाचे असे. प्रभूचे भोजन तेव्हा खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबर होत असे. ज्यांना सवड होती ते लवकर येत आणि आपले आणलेले खाऊन मोकळे होत. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा होता ते दास आणि मजूर उशिरा पोहोचत, तेव्हा त्यांच्यापुढे काही उरलेले नसे. एक उपाशी आहे आणि दुसरा पिऊन मस्त झाला आहे, असे पौल स्पष्ट शब्दांत म्हणतो. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असे विचारतो. मग प्रभूने धरून दिले जाण्याच्या रात्री काय केले ते सांगतो, त्यानंतर अयोग्य प्रकारे खाण्याचा इशारा देतो आणि शेवटी, तेहतिसाव्या ओवीत, उपाय सांगतो तो एवढाच, की भोजनास जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

म्हणजे त्या मंडळीचा दोष असा होता की माणसे शेजारच्याला न ओळखता खात होती. ‘शरीर न ओळखता’ हे शब्द वाचताना आपण फक्त ताटलीतल्या भाकरीकडे पाहतो. पण याच पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने सांगून ठेवले आहे की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत, आणि बाराव्या अध्यायात तो त्या शरीराचे डोळा, कान, हात, पाय असे अवयव मोजून दाखवतो. या दोन्हींच्या मध्ये असलेल्या अकराव्या अध्यायातील ‘शरीर’ या शब्दातून मंडळी वगळता येईल, असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट त्या पहिल्या रात्रीची. लूकाच्या शुभवर्तमानात प्याला दिल्यानंतर लगेच प्रभू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर या मेजावर आहे. पेत्राला कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला नाकारशील हे त्याच बैठकीत सांगितले जाते. आपल्यात श्रेष्ठ कोण यावरून शिष्यांची वादावादीही तेथेच होते. त्या मेजाशी लायक माणूस एकही नव्हता. हे ठाऊक असूनही प्रभूने भाकर मोडली आणि सर्वांना दिली.

प्रभुभोजनातील सहभागिता म्हणजे मी आणि माझा प्रभू यांच्यामधील खासगी व्यवहार, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की आपण डोळे मिटून जातो, डोळे मिटून घेतो आणि कोणाकडेही न पाहता जागेवर परत येतो. ज्याच्याशी सहा महिने अबोला आहे तो भाऊ आपल्याच रांगेत गुडघे टेकून बसलेला असतो. मला वाटते, पौलाला हेच खुपले असते. आपल्या मंडळ्यांत काय रीत आहे आणि आपल्याला काय वाटते, ते सर्वांनी मोकळेपणाने लिहावे.

वसईचा वाटसरू

धाग्याचा विषय काढल्याबद्दल आभार. मी कॅथलिक आहे, तेव्हा आमच्याकडचे चित्र वेगळे आहे हे आधी सांगतो. आमच्याकडे पवित्र मिस्सा (जिच्यात प्रभुभोजन असते ती उपासना) रोज असते आणि रविवारी बहुतेक सर्व जण रांगेने पुढे जातात. परंतु हे नेहमीच असे नव्हते. मध्ययुगात लोक ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) इतक्या क्वचित स्वीकारू लागले होते की १२१५ च्या लॅटरन धर्मसभेला, प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थान सणाच्या सुमारास, ते स्वीकारलेच पाहिजे, असा नियम करावा लागला. वारंवार, शक्य तर दररोज स्वीकारावे, असे प्रोत्साहन दहाव्या पायस पोपमहोदयांनी १९०५ मध्ये दिले आणि १९१० मध्ये लहान मुलांनाही समज येताच, म्हणजे साधारण सातव्या वर्षापासून, हा संस्कार खुला केला. त्याआधी मुलांना कितीतरी वर्षे थांबावे लागे. म्हणजे ‘मी अयोग्य’ ही भीती आमच्याही घरात पिढ्यान्पिढ्या राहून गेलेली आहे.

आमची एक प्रार्थना येथे सांगण्यासारखी आहे. ख्रिस्तशरीर घेण्यास उठण्यापूर्वी सर्व जण एका आवाजात म्हणतात की प्रभो, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही, पण तू शब्द मात्र बोल म्हणजे मी बरा होईन. हे कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीचे शब्द आहेत, मत्तयाच्या आठव्या अध्यायातील. म्हणजे आमच्याकडे ‘मी अयोग्य आहे’ हे प्रत्येक जण, वेदीवरचे फादरसुद्धा, मोठ्याने म्हणतो आणि म्हटल्याबरोबर पुढे जायला निघतो. अयोग्यतेची कबुली हीच तेथे पुढे जाण्याची तयारी असते. गंभीर पाप मनावर असेल तर आधी प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) घ्यावा अशी आमची शिकवण आहे, पण त्याचाही हेतू माणसाला परत मेजाशी आणावे हाच आहे.

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. ती भाकर ही फक्त मंडळीच्या एकीची खूण आहे असे कोणी समजू नये. धर्मगुरू ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात आणि आपण ‘आमेन’ म्हणतो, तेव्हा तो स्वतः तेथे आहे असे आम्ही मानतो. म्हणूनच मिस्सा संपल्यावर उरलेले ख्रिस्तशरीर पवित्र पेटीत ठेवतात आणि तेथे दिवा तेवत ठेवतात. स्वीकारापूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम १९६४ पासूनचा आहे. त्याच्याही आधी मध्यरात्रीपासून पाणीदेखील न घेणारी माणसे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत होती. प्रभू खरोखर येतो आहे असे मानले की शेजाऱ्याकडे पाहण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

आणि एक दुःखही सांगतो. आमच्या नात्यात एका मुलाने प्रॉटेस्टंट मुलीशी लग्न केले. ती मिस्साला मनापासून येते, गाते, पण स्वीकाराच्या वेळी छातीवर हात आडवे ठेवून पुढे जाते आणि फक्त आशीर्वाद घेऊन परत येते. नवरा तिच्या पुढेच असतो. नियमामागचे कारण मला समजते आणि मी ते मानतो. विश्वासाची एकी झाल्याशिवाय मेजाची एकी दाखवणे खोटे ठरेल, असे ते कारण आहे. पण दर रविवारी त्या दोघांकडे पाहताना ख्रिस्ताचे शरीर आपण किती ठिकाणी मोडून ठेवले आहे, हे मला टोचते.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, तरीही लिहिण्याचे धाडस करतो. काही चुकीचे बोललो तर क्षमा असावी.

आमच्याकडे सप्ताहाची सांगता काल्याने होते. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला होतो आणि मगच वारी पुरी झाली असे मानतात. लाह्या, दही, पोहे असे ज्याचे त्याचे आणलेले एकत्र कालवायचे आणि एकमेकांच्या मुखात घास घालायचे. त्या वेळी समोरचा कोण, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा हे विचारत नाहीत. काल्याचा घास नाकारून ‘मी लायक नाही’ म्हणणारा वारकरी मी पाहिलेला नाही. घास देणाराही कोणाची लायकी पाहत नाही. आपले प्रभुभोजन हे याच जातीचे काही आहे का, की तो आम्ही म्हणतो तसा प्रसाद आहे? धागालेखकांच्या लिखाणावरून मला पहिले वाटले, वसईच्या मित्रांच्या लिखाणावरून दुसरे.

सायंउपासना

वसईच्या बंधूंनी सांगितलेली प्रार्थना वाचून मला आमच्याच उपासनाविधीची आठवण झाली. अँग्लिकन परंपरेतून आमच्याकडे एक प्रार्थना आलेली आहे : तुझ्या मेजाखाली पडलेले चूर वेचण्याचीही आमची योग्यता नाही, परंतु दया करणे हा तुझा स्वभावच आहे. सोळाव्या शतकापासून आमची माणसे हे म्हणून मग पुढे येत आली आहेत. आम्हीच ते म्हणून मागे फिरू लागलो.

इंद्रायणीकाठ, आपण अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे आणि आपली क्षमा मागण्याची काहीच गरज नाही. साम्य खरे आहे. ज्याचे त्याचे एकत्र होते आणि हातातून हातात जाते, हा भाग दोन्हीकडे आहे. ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या एका प्रार्थनेत म्हटले आहे की ही भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र होवो. रानात पसरलेला दाणा दळून, मळून, भाजून एक झाला आहे, आणि वेगवेगळ्या घरांतून आलेल्या माणसांचेही तसेच व्हावे, असे मागणे त्यात आहे.

फरक आहे तो त्या रात्रीचा. काला हा गोकुळातील आनंदाचा खेळ आहे, असे मी जाणतो. आमचे भोजन मरणाच्या आदल्या रात्रीचे आहे. यहुदी लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटल्याची आठवण वल्हांडणाच्या जेवणाने करत. त्याच सणाच्या दिवसांत येशूने भाकर मोडून हे माझे शरीर, तुमच्यासाठी दिले जाणारे, असे म्हटले आणि दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर गेला. म्हणून आमच्या मेजावर आनंद आहे, पण त्याची किंमत कोणी दिली तेही त्याच मेजावर मांडलेले आहे. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ ही त्याची आज्ञा आहे आणि ते स्मरण खाऊन-पिऊन करायचे आहे, हे मला फार मोलाचे वाटते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते करता येते.

दृढीकरण_वर्ग

मी अनेक वर्षे आमच्या मंडळीत दृढीकरणाचे वर्ग घेते, त्यामुळे धागालेखकांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला आणि थोडी चिंताही वाटली. भीती काढून टाकली की त्या जागी काय येते, तेही पाहायला हवे. काही ठिकाणी मुले हसत-बोलत पुढे जाताना मी पाहिली आहेत. पौलाने रोगाचा आणि मरणाचा उल्लेख केला आहे आणि तो वचनातच आहे, आपण तो वगळू शकत नाही.

आपल्याकडे ही शिस्त कोठून आली तेही लक्षात घ्यावे. स्कॉटलंडच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी वडीलजन (मंडळीने नेमलेले पुढारी) घरोघर जात, माणसांचे आचरण आणि समज पाहत आणि योग्य वाटेल त्याला धातूचा एक छोटा बिल्ला देत. तो बिल्ला दाखवल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. मुंबई, पुणे, जालना येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम केले, तेव्हा त्या परंपरेचे गांभीर्यही त्यांच्याबरोबर आले. त्या गांभीर्यामुळेच आपल्या आजोबांच्या पिढीने दारू सोडली, कज्जे मिटवले. आपण ते हलके करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सायंउपासना

ताई, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि हसत-बोलत जाणेही मला आवडत नाही. फक्त अठ्ठाविसावी ओवी पुन्हा पाहावी ही विनंती. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, असे म्हणून पौल थांबलेला नाही. आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे, असे तो पुढे म्हणतो. परीक्षा करावी आणि घरी जावे, असे तो कोठेही म्हणत नाही. घरी वाद असेल तर वाद मिटवावा आणि यावे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनेही तसेच सांगितले आहे, की वेदीजवळ तुझे दान तसेच ठेव, आधी भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. ‘मग येऊन’ हे शब्द तेथे आहेतच. आपण समेटही करत नाही आणि येतही नाही, आणि त्यालाच नम्रता म्हणतो.

मुक्तिफौज_तिसरी_पिढी

नगरमधील मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाच्या) घरात माझा जन्म झाला. येथे आमचे रुग्णालय आहे, तेव्हा नगरकरांना मुक्तिफौज परकी नाही. पण आमच्या उपासनेत प्रभुभोजन होत नाही, हे अनेक ख्रिस्ती बंधूंनाही ठाऊक नसते.

आमचे संस्थापक विल्यम बूथ यांनी १८८३ मध्ये हा विधी थांबवला. मुक्तिफौज मुंबईत १८८२ मध्ये आली, त्यामुळे भारतातील आमच्या लोकांना पहिल्यापासून जवळजवळ याच रीतीची सवय आहे. कारणे अनेक होती. दारूतून सुटून आलेल्या माणसाच्या हाती पुन्हा द्राक्षारसाचा प्याला देणे धोक्याचे होते. स्त्री-अधिकाऱ्यांनी हा विधी चालवावा की नाही, यावर त्या काळच्या मंडळ्या वाद घालत होत्या. आणि बाहेरचा विधी केला की आतले काम झाले असे माणूस समजू लागतो, ही भीती बूथ यांच्या पत्नी कॅथरीन बूथ यांना विशेष वाटत होती. इतर मंडळ्यांत जाऊन कोणी भाकर घेतली तर आमच्याकडे त्याला मनाई नाही.

आम्हाला असे शिकवले गेले की रोजचे प्रत्येक जेवण हे प्रभूच्या स्मरणाचे जेवण आहे. माझी आई ताटावर बसताना दाराकडे एकदा पाही आणि कोणी आलेले असेल तर त्याला आधी वाढी. धागालेखक पौलाचे जे म्हणणे मांडत आहेत, ते मी तिच्याकडून शिकलो. मेजच नसेल तर तेथून उठून जाण्याचा प्रश्नही येत नाही. तरीही खरे सांगायचे तर सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीच्या मित्रांबरोबर एकदा मी पुढे गेलो, तेव्हा गुडघे टेकलेल्या रांगेत माझ्या एका बाजूला आमचे शाळामास्तर आणि दुसऱ्या बाजूला बाजारात भाजी विकणाऱ्या बाई होत्या, आणि आमच्याकडे काहीतरी राहून जाते आहे असे मला वाटले.

जालन्याचा_पाळक

धागा वाचत होतो. दोन-तीन गोष्टी मांडतो.

‘हे माझे शरीर आहे’ यावर वसईचे बंधू आणि आपण येथे एकमत होणार नाही, आणि त्याचे आश्चर्य नको. १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट सुधारक याच वाक्यावर समोरासमोर बसले. ल्यूथरने ते वाक्य खडूने मेजावर लिहून ठेवले आणि त्यावरून तो हटला नाही. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले, पंधरावे प्रभुभोजनाचे होते आणि त्यातील नेमक्या याच प्रश्नावर ते अडले. त्यांच्यानंतरच्या सुधारक कॅल्व्हिनला प्रभुभोजन निदान आठवड्यातून एकदा हवे होते, जिनीव्हाच्या नगरसभेने वर्षातून चार वेळा एवढेच मान्य केले. क्वचित होणाऱ्या गोष्टीचे भय अधिक वाटते. आमच्या मंडळीत तिमाहीऐवजी दरमहा प्रभुभोजन सुरू केल्यावर उठून जाणारे कमी झाले, हा माझा अनुभव आहे.

पण मला अधिक लिहावेसे वाटते ते दुसऱ्याच विषयावर. धागालेखकांनी करिंथचे दास आणि मजूर आठवले. आपल्या देशात तोच प्रश्न जातीच्या रूपाने मेजाशी आला. तमिळ मुलुखातील मंडळ्यांत उच्च जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत, आधी भाकर-प्याला घेत आणि मग बाकीच्यांची पाळी येई. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून हा भेद ताबडतोब आणि कायमचा सोडण्याची आज्ञा केली. अनेकांनी भेद सोडण्याऐवजी मंडळीच सोडली. दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट झाले. तेथील डच रिफॉर्म्ड मंडळीने १८२९ मध्ये वर्णभेद न करता सर्वांना एकत्र प्रभुभोजन द्यावे असे ठरवले होते. १८५७ मध्ये ‘काही जणांच्या दुर्बळतेमुळे’ वेगळे बसण्यास तिने परवानगी दिली आणि पुढे त्यातून वर्णावर आधारलेल्या वेगळ्या मंडळ्याच उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये ओटावा येथे जगभरच्या रिफॉर्म्ड मंडळ्यांची सभा भरली असता दक्षिण आफ्रिकेतील काही कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी तेथे प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. स्वदेशी ज्यांच्या मेजाशी आम्हाला बसता येत नाही त्यांच्याबरोबर आम्ही येथे बसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सभेने वर्णभेदाचे समर्थन पाखंड असल्याचे जाहीर केले. मेजापासून दूर राहण्याचे हेही एक कारण असू शकते, आणि ते माझ्या मते पौलाच्या मनाला धरून होते.

महाराष्ट्राबद्दल बोलायचे तर आमच्या जालन्याचेच उदाहरण घेतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातील. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली आणि तेथे आलेली माणसे मुख्यतः मांग आणि महार समाजाची होती. ज्या काळात रोटीव्यवहारावर माणसाची जात टिकत वा जात होती, सावली आणि पाणी यांवरून गावे दुभागलेली होती, त्या काळात या माणसाने त्यांच्याबरोबर एका मेजाशी बसून एकाच भाकरीतून खाल्ले. लक्ष्मीबाई टिळकांना पतीच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी काळ दुसऱ्याच्या हातचे पाणी घेणे जड गेले. जात ही देवाने केलेली नाही हे एकदा उमगल्यावर मात्र त्यांनी कोणाच्याही हातचे खाल्ले. अशा समाजात प्याला एका ओठावरून दुसऱ्या ओठाकडे गेला, हे आपण फार थोड्या वेळा आठवतो.

आता अनेक मंडळ्यांत अंगठ्याएवढ्या छोट्या प्याल्या आल्या आहेत. आरोग्यासाठी त्या आल्या आणि महामारीनंतर तर पक्क्याच झाल्या, त्याला माझी हरकत नाही. पण प्याला वेगळा झाला तरी घोट एकाच रसाचा आहे, हे शिकवण्याचे काम आता पाळकावर अधिक आले आहे. आणि सोयरिकीच्या वेळी आपल्या मंडळ्यांत अजूनही पूर्वीची जात विचारली जाते, हे आपण सर्व जाणतो. परीक्षा करायचीच असेल तर ती येथून सुरू करावी.

दृढीकरण_वर्ग

पाळकसाहेब, आपण शेवटी लिहिलेले वाचून मी बराच वेळ विचार करत होते. वर्गातील मुलांना मी प्रभुभोजनापूर्वीच्या परीक्षेसाठी प्रश्न देते. खोटे बोललास का, आईवडिलांचा मान राखलास का, असे ते प्रश्न असतात. कोणाला कमी लेखलेस का, कोणाबरोबर जेवायला बसण्याचे टाळलेस का, हे त्यांत नाही. ते घालायला हवे.

भाकरीबद्दल एक शंका विचारते. आमच्या शेजारच्या खेड्यात एकदा पाव मिळाला नाही म्हणून ज्वारीची भाकरी वापरली. काहींना ते फार आवडले, काही नाराज झाले.

वसईचा वाटसरू

ताई, आमच्याकडे धर्मसभेचा नियम स्पष्ट आहे. भाकर फक्त गव्हाची आणि द्राक्षारस द्राक्षांचाच असावा लागतो.

जालन्याचा_पाळक

आमच्याकडे एवढा काटेकोर नियम नाही. नेहमी पावाच्या कडा काढून चौकोनी तुकडे करतात. रसासाठी बहुतेक ठिकाणी काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालतात, मग उकळून, कुस्करून, पातळ फडक्यातून गाळतात आणि गार झाल्यावर बाटलीत भरतात. हे काम मंडळीतील एखाद्या वयस्क बाई करतात आणि दुसऱ्या कोणाला सहसा करू देत नाहीत. ज्वारीच्या भाकरीला माझी स्वतःची हरकत नाही, पण ती नावीन्यासाठी नसावी. त्या खेड्याचे रोजचे अन्न तेच असेल आणि मंडळीने एकमताने ठरवले असेल, तर कोणाचा विवेक दुखावणार नाही.

मिरजेची_सिस्टर

मी रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. अंथरुणाला खिळलेल्यांकडे आमचे पाळक प्रभुभोजन घेऊन जातात, तेव्हा मदतीला मी बरोबर असते, म्हणून थोडे लिहिते.

एक लहान लाकडी पेटी असते. तिच्यात रसाची छोटी बाटली, चार प्याल्या, झाकणाची डबी आणि इस्त्री केलेले पांढरे फडके. स्टुलावर फडके पसरले की तेच मेज होते. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी पावाचा अगदी कण रसात भिजवून चमच्याने ओठांना लावतो. एका आजोबांना पक्षाघातानंतर आपल्या मुलांची नावे आठवत नसत, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू होताच त्यांचे ओठ हलू लागत आणि चमचा दिसला की तोंड उघडत. त्यांची तयारी झाली आहे की नाही हे कोणी आणि कसे ठरवायचे होते?

सन १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे, ते आमच्या पाळकांनी एकदा अभ्यासवर्गात सांगितले होते. भाकर वाटून झाली की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ती घेऊन जात, आणि जे दान जमे त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे लोक यांची काळजी घेतली जाई. त्या काळीही गैरहजर माणूस मोजला जात होता. घरी जाऊन दिलेली भाकर ही वेगळी नसते, रविवारच्या मेजावरचीच ती असते, असे आमचे पाळक प्रत्येक घरी आवर्जून सांगतात. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा फार आधार वाटतो, कारण मंडळी आपल्याला विसरली असे त्यांना वाटू लागलेले असते.

सायंउपासना

सर्वांनी फार मनापासून लिहिले. सिस्टर, आपले वाचून मला आमच्याच मंडळीतील एक मोठी उणीव दिसली, तिच्याबद्दल विचारतो आणि काही ठरवले आहे ते सांगतो.

येत्या पास्टरेट कमिटीत (मंडळीच्या कारभार समितीत) मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, प्रभुभोजनाची सूचना आदल्या रविवारी द्यावी आणि त्या दिवशी करिंथकरांचा अकरावा अध्याय सतराव्या ओवीपासून तेहतिसाव्या ओवीपर्यंत, मध्ये काही न गाळता वाचावा, म्हणजे ज्यांना समेट करायचा आहे त्यांना एक आठवडा मिळेल. पाळकांनी आणि वडीलजनांनी त्या आठवड्यात भांडणाऱ्या घरांत जाऊन बसावे. दोन, प्रभुभोजनाच्या आधी आशीर्वाद देऊन माणसांना मोकळे करण्याची आमच्याकडची रीत बंद करावी. उठून जाण्याची वाट आपणच करून दिलेली आहे. कोणाला घ्यायचे नसेल तर त्याने बसून राहावे, पण शेवटपर्यंत आपल्याबरोबर असावे.

आता प्रश्न. आमच्या मंडळीतील बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावरच परततात. नाताळही त्यांचा कारखान्याच्या परिसरातील कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) होतो. त्या सर्व महिन्यांत त्यांना प्रभुभोजन मिळत नाही, आणि परत आल्यावर इतके दिवस खंड पडला म्हणून तीच माणसे सर्वांत आधी मागे बसतात. करिंथमध्ये उशिरा पोहोचणारे मजूर कोण होते हे मला वेगळे सांगायला नको. कोपीवर जाऊन प्रभुभोजन देण्याचा प्रयत्न कोणत्या मंडळीने केला आहे का? तोड पहाटे सुरू होते आणि गाड्या रात्री भरतात, तेव्हा वेळ कोणती धरावी, कारखान्याजवळच्या मंडळीच्या पाळकांची मदत कशी घ्यावी, आणि तेथील इतर मजूर कुतूहलाने येऊन बसले तर त्यांच्याशी कसे वागावे, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक आहे त्यांनी कृपया येथेच लिहावे. कमिटीची बैठक दसऱ्याच्या आधी आहे.

जालन्याचा_पाळक

आम्ही दोन कारखान्यांवर हे करतो. रविवारचा हट्ट धरू नका. कारखान्याचा साप्ताहिक बंद किंवा पाळी मोडते तो दिवस मुकादमाकडून आधी विचारून घ्या आणि अंधार पडल्यावर, जेवणाआधी जा. आपल्याबरोबर मंडळीतील दोघे-तिघे तरी न्या, पाळकाने एकट्याने जाऊ नये, नाहीतर ती नुसती भेट होते. इतर मजूर येऊन बसले तर बसू द्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि विधी झाल्यावर सर्वांनी मिळून जेवा. जेवण आपण घरून न्यायचे, त्यांच्या शिध्यावर भार टाकायचा नाही. बाकी तपशील मी आपल्याला निरोपातून कळवतो.